दोन नॅनोमीटरचा प्रश्न : जमखंडी, पुणे, बंगळूर

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नाने करतो. आकाशाचे फोटो काढणारी मराठी मंडळी आता सगळीकडे आहेत. पुण्या-नाशिकला आहेतच, पण बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद आणि आमच्या बंगळुरातही आहेत. त्यांच्याकडून हा प्रश्न हमखास येतो : "माझी दुर्बीण एफ/२ आहे. शहरातून तेजोमेघांचे फोटो काढायचे आहेत. सगळ्यात अरुंद, म्हणजे तीन नॅनोमीटरचा फिल्टर घेऊ ना?"

प्रश्न साधा वाटतो. फिल्टर जितका अरुंद तितका शहराचा उजेड कमी, मग सगळ्यात अरुंद तो सगळ्यात चांगला, असा सरळ हिशेब. मीही तोच केला होता. बंगळुरातल्या माझ्या गच्चीवर, डिसेंबरच्या स्वच्छ रात्री, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर दुर्बीण लावली. पदरचे बरेच पैसे घालून घेतलेला तीन नॅनोमीटरचा ऑक्सिजनचा फिल्टर बसवला. तासाभराचे फोटो एकत्र केले, तर ताऱ्यांची गर्दी छान आली आणि तेजोमेघ मात्र जुन्या, स्वस्त फिल्टरपेक्षाही फिका. फिल्टर सदोष नव्हता. चूक माझ्या हिशेबात होती.

ती चूक कुठे होती हे समजायला मला इतिहासात जावं लागलं. आणि गंमत अशी, की तो इतिहास लंडन-पॅरिसइतकाच आपल्या आसपासचा निघाला. जमखंडीचा, पुण्याचा, आणि शेवटी मी राहतो त्या बंगळूरचा.

जमखंडी, १८६८

१८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. सूर्यप्रकाश लोलकातून पसरवून त्याचा वर्णपट पाहायचं तंत्र तेव्हा नुकतंच हाती आलं होतं. ग्रहणात चंद्राने सूर्य झाकला, की कडेला लालसर ज्वाळांसारखं काही दिसतं. त्या ज्वाळा कशाच्या आहेत, हे वर्णपटावरून कळेल अशी आशा होती. फ्रान्सचे यानसेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला होते, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते. हे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे चिरंजीव. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. आज ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात येतं.

हर्शेलना ज्वाळांच्या वर्णपटात ठळक रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या, कारण वायू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देतो. त्यांत एक रेषा नारिंगी-पिवळी होती. हर्शेलनी ती सोडियमची मानली. मात्र त्यांनी एक सावधगिरी बाळगली. माझ्या उपकरणाची जेवढी कुवत आहे तेवढ्यापुरतं हे म्हणतो आहे, अशा अर्थाची पुस्ती त्यांनी जोडली.

ती पुस्ती फार मोलाची होती. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ग्रहणात दिसलेली रेषा होती ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरच्या आसपास. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. एवढ्याशा फरकात एक अख्खं मूलद्रव्य लपलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाविनाच, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि ही पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे लक्षात आलं. पुढे तिच्या धन्याला हेलियम हे नाव पडलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला मात्र १८९५ साल उजाडलं.

इथे एक दुरुस्ती करतो. लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरं, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही. पण १८६८ ची आठवण काढायची, तर आपल्या भागातून त्या दिवशी जमखंडीचंही नाव घ्यायला हवं.

जमखंडीतून आपण एवढंच बरोबर घेऊ : दीड-दोन नॅनोमीटर ही किरकोळ गोष्ट नाही, आणि उपकरणाची कुवत माहीत नसेल तर समोरची रेषा कोणाची हे सांगता येत नाही.

पुणे, १८९१

आता सूर्य सोडून दूरच्या तेजोमेघांकडे जाऊ. माझा फसलेला फिल्टर तिथल्याच एका रेषेचा होता.

ऑगस्ट १८६४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघावर वर्णपटदर्शक लावला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या त्या सुट्या रेषा, आणि त्यांतली सर्वांत तेजस्वी हिरवट रेषा कुठल्याही ओळखीच्या मूलद्रव्याची नव्हती. ती साधारण ५००.७ नॅनोमीटरवर होती. काहींनी तिच्यासाठी नेब्युलियम नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं.

लॉकियर यांचं मत वेगळं होतं. आकाशातल्या साऱ्या वस्तू उल्कांच्या थव्यांपासून बनतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम जळताना वर्णपटात एक पट्टा दिसतो, त्याची एक कड ठळक असते आणि दुसरीकडे तो विरत जातो. तेजोमेघातली ती हिरवट रेषा म्हणजे या पट्ट्याची उरलेली कड, असं लॉकियर म्हणत. दोन्ही जागांमधला फरक नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. हगिन्स यांना हे मान्य नव्हतं. वाद चांगलाच पेटला.

या वादात पुण्याहून एक साक्ष गेली. ती देणारे होते कावसजी दादाभाई नायगमवाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि शिकवणारे हे पारशी गृहस्थ. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची आरशाची दुर्बीण १८८८ साली तिथे तयार झाली. पुढची कित्येक दशकं भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

नायगमवालांनी या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून मृगातला तेजोमेघ पाहिला. हो, तोच तेजोमेघ, ज्यावर माझा फिल्टर फसला. प्रश्न त्यांनी नेमका धरला. ती रेषा पट्ट्याची कड असेल, तर एका बाजूने तरी पुसट दिसायला हवी. त्यांनी वर्णपट कमी पसरवून पाहिला, जास्त पसरवून पाहिला. रेषा प्रत्येक वेळी बारीक आणि रेखीव दिसली. १८९१ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात हे निरीक्षण छापून आलं. अमेरिकेत लिक वेधशाळेच्या कीलर यांनी रेषेची जागा फार बारकाईने मोजली होती, तीही मॅग्नेशियमशी जुळत नव्हती. लॉकियर यांची बाजू लंगडी पडली.

मग ती रेषा कोणाची? उत्तर १९२७ साली अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दिलं. ती ऑक्सिजनची होती, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. प्रयोगशाळेतल्या उत्तमातल्या उत्तम निर्वात पोकळीपेक्षाही तेजोमेघ विरळ असतो, म्हणून तिथे हा प्रकाश सुटू शकतो. अशा रेषेला निषिद्ध रेषा म्हणतात. ४९५.९ वर तिची एक मंद जोडीदारीणही आहे. आज आपण ज्याला ओ-थ्री फिल्टर म्हणतो, तो नायगमवालांनी पुण्यात पाहिलेल्या त्या रेषेसाठीच बनवलेला असतो.

नायगमवाला पुढे १८९८ च्या ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला मोहीम घेऊन गेले. १९१२ साली ते निवृत्त झाले, आणि त्यांच्यासोबत वेधशाळाही मिटली. एवढी मोठी दुर्बीण होती, पण तिच्यामागे उभं राहणारं दुसरं कोणी नेमलेलं नव्हतं. सामान दक्षिणेला कोडाईकनाल वेधशाळेकडे रवाना झालं.

कोडाईकनालहून बंगळूरला

पुण्याची दुर्बीण जिथे गेली, तिथे त्या काळी एक वेगळंच काम चालू होतं. कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याचे फोटो कॅल्शियमच्या एकाच रेषेत, ३९३.४ नॅनोमीटरवर, घेतले जात होते. १९१२ पासून हायड्रोजनच्या लाल रेषेतही, म्हणजे ६५६.३ वर, घेतले जाऊ लागले. आजच्या भाषेत हे नॅरोबँड फोटोच. पण त्यांत फिल्टर नव्हता. सूर्याची प्रतिमा एका बारीक फटीवरून सरकवायची, प्रत्येक फालीचा वर्णपट पसरवायचा, त्यातून हवी ती रेषा दुसऱ्या फटीने वेगळी काढायची, आणि अशा फाली जोडून अख्खा सूर्य उभा करायचा. कॅल्शियमच्या फोटोंसाठी ही खिडकी सुमारे ०.०५ नॅनोमीटर इतकी अरुंद होती.

सूर्य तेजस्वी, म्हणून हे जमत होतं. मंद तेजोमेघाचा फोटो फाली-फालीने काढायचा तर रात्र संपेल. त्यासाठी संपूर्ण चित्र एकदम गाळणारी चाळणी हवी होती. ती १९३९ साली जर्मनीत येना इथे वाल्टर गेफकेन यांनी बनवली : काचेवर अतिशय पातळ थर एकावर एक चढवून केलेला व्यतिकरण फिल्टर. आपल्या हातातले फिल्टर त्याचेच वंशज आहेत.

१९६० पासून कोडाईकनालचे प्रमुख होते वेणू बाप्पू. त्यांच्याच पुढाकाराने १९७१ साली भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि तिचं मुख्यालय बंगळूरला आलं. आज ते कोरमंगलात आहे. पुण्याची ती वीस इंची दुर्बीण, जिला संस्थेत भावनगर दुर्बीण म्हणतात, अशा रीतीने बंगळूरच्या घरात आली.

बाप्पूंनी तामिळनाडूत जव्वादी डोंगरांमध्ये कवलूरला वेधशाळा वसवली. तिथली २.३४ मीटरची दुर्बीण १९८६ साली सुरू झाली. बाप्पू ती पाहायला नव्हते, १९८२ साली ते गेले. दुर्बिणीला त्यांचं नाव दिलं गेलं. आता हा आकडा पाहा : तिच्या मुख्य आरशाचा फोकल रेशो आहे एफ/३.२५. म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या फक्त सव्वातीन पट. यालाच आपण फास्ट दुर्बीण म्हणतो. आणि इथेच माझ्या गच्चीवरच्या चुकीचं उत्तर दडलंय.

तवंगाचं गणित

पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात गाडीचं तेल सांडलं, की इंद्रधनुष्यी तवंग दिसतो. डोकं थोडं हलवलं की त्याचे रंग बदलतात. तवंग तोच, पाणी तेच, फक्त पाहण्याचा कोन बदलला. व्यतिकरण फिल्टरही असा तवंगच आहे, फक्त मोजूनमापून घातलेला. प्रकाश सरळ आला तर तो ५००.७ सोडतो. तिरका आला तर त्याहून लहान तरंगलांबी सोडतो. म्हणजे खिडकी निळ्या बाजूला सरकते.

उलट व्हायला हवं असं वाटतं ना? तिरका किरण थरातून लांबचा रस्ता कापतो, मग तरंगलांबी वाढायला हवी. पण इथे मोजायचा असतो तो थराच्या दोन पृष्ठांवरून उसळलेल्या किरणांमधला फरक, आणि तो तिरपेपणासोबत कमी होतो. म्हणून खिडकी नेहमी निळीकडेच सरकते.

आता दुर्बिणीत बघा. आरसा प्रकाश गोळा करून शंकूच्या आकारात कॅमेऱ्यावर आणतो. शंकूच्या कडेचा किरण किती तिरका, हे फोकल रेशो ठरवतो. एफ/८ ला साडेतीन अंश, एफ/४ ला सात अंश, एफ/२ ला तब्बल चौदा अंश. फिल्टरच्या थरांचा सरासरी अपवर्तनांक २ धरला, तर कडेच्या किरणासाठी खिडकी किती सरकते ते सांगतो. हायड्रोजनच्या ६५६.३ वर एफ/८ ला ०.३ नॅनोमीटर, एफ/४ ला १.३, कवलूरच्या एफ/३.२५ ला १.९, आणि एफ/२ ला ४.८. ऑक्सिजनच्या ५००.७ वर एफ/२ ला ३.७. अपवर्तनांक कमी असेल तर सरक आणखी वाढते.

माझा फिल्टर होता तीन नॅनोमीटरचा. म्हणजे ४९९.२ ते ५०२.२ ही खिडकी. कडेच्या किरणांसाठी ती साडेतीन-पावणेचार नॅनोमीटर सरकली, की ५००.७ खिडकीच्या बाहेर! शिवाय माझ्या प्रकारच्या दुर्बिणीत कॅमेरा समोर, मधोमध बसतो. समजा त्याने व्यासाचा ४६ टक्के भाग झाकला. म्हणजे शंकूच्या मधले सरळ किरण, जे फिल्टरमधून नीट गेले असते, ते आधीच अडले. उरले ते फक्त तिरके. हिशेब केला तर ऑक्सिजनचा सुमारे एक चतुर्थांश प्रकाश पलीकडे जातो, आणि हायड्रोजनच्या तशाच फिल्टरमध्ये एक अष्टमांश. तारे मात्र सगळ्या रंगांत चमकतात, खिडकी कुठेही सरकली तरी त्यांचा प्रकाश येतोच. म्हणून माझ्या फोटोत तारे भरपूर आणि तेजोमेघ गायब.

माझा सात नॅनोमीटरचा जुना फिल्टर तिथे ऑक्सिजनचा नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश सोडत होता. स्वस्त होता म्हणून मी त्याला कमी लेखलं होतं.

मग कोणता घ्यायचा?

व्यावसायिक वेधशाळांनी या प्रश्नाची दोन उत्तरं काढली, आणि दोन्ही आपल्या कामाची आहेत.

पहिलं उत्तर : फिल्टर जिथे ठेवायचा तिथला शंकू सावकाश करा. लडाखमध्ये हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचा मुख्य आरसा एफ/१.७५ आहे, म्हणजे माझ्या दुर्बिणीहूनही फास्ट. पण दुसरा आरसा तो प्रकाश एफ/९ करून उपकरणांकडे पाठवतो. तिथे सरक फक्त पाव नॅनोमीटर. ही दुर्बीण बंगळूरजवळ होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. म्हणजे आमच्या गच्चीपासून जवळच, बसल्या जागी, ही अडचण सुटलेली आहे. आपल्याकडे कॅमेऱ्याची भिंग असेल तर आपणही हे करू शकतो. एफ/२ ची भिंग एफ/४ वर आणली, की सरक जवळपास चौथाईवर येते. प्रकाशही चौथाई होतो, तेवढा वेळ जास्त द्यावा लागतो.

दुसरं उत्तर : फिल्टरच मुळात लाल बाजूला सरकवून बनवा, म्हणजे शंकूत बसवल्यावर तो निळीकडे घसरून बरोबर जागी येईल. याला प्रीशिफ्टेड फिल्टर म्हणतात. माझ्या दुर्बिणीसाठी ऑक्सिजनचा फिल्टर सव्वादोन नॅनोमीटर लालीकडे सरकवला, तर तीन नॅनोमीटरची खिडकी जेमतेम पुरते. जेमतेम म्हणजे बनवताना थोडी जरी चूक झाली, तर पुन्हा पंचाईत. हायड्रोजनला चारहून कमी रुंदी पुरतच नाही. म्हणून एफ/२ साठी चार ते सात नॅनोमीटर रुंदीचा, एफ/२ साठीच बनवलेला फिल्टर घ्यावा, हे माझं उत्तर. एफ/४ ते एफ/५ ला पाच ते सातचा साधा फिल्टर उत्तम चालतो. तीनचा घ्यायचा तर मध्य नेमका कुठे आहे याचा मोजलेला आलेख मागून घ्यावा. एफ/७ किंवा त्यापुढे तीनचा फिल्टर निर्धास्त घ्या.

एक सावधगिरी. प्रीशिफ्टेड फिल्टर दुसऱ्या, सावकाश दुर्बिणीवर लावू नका. हायड्रोजनचा असा फिल्टर एफ/८ वर लावला, तर त्याची खिडकी ६५९ च्या आसपासच राहते. तिथे ६५६.३ चा हायड्रोजन नसतो, ६५८.३ ची नायट्रोजनची रेषा असते. फोटो येईल, देखणाही येईल, पण तुम्ही त्यावर हायड्रोजन लिहाल आणि तो असेल नायट्रोजन. फरक दोन नॅनोमीटरचा. जमखंडीत हर्शेलनी सोडियम म्हटलं ते याहून फार वेगळं नव्हतं. त्यांनी निदान आपल्या उपकरणाची मर्यादा सांगून ठेवली होती.

तुमचा फिल्टर घसरतोय का, हे घरीच तपासता येतं. छिद्र लहानमोठं करता येणारी भिंग घ्या. एकच तेजोमेघ एफ/२ वर एक मिनिट आणि एफ/४ वर चार मिनिटं टिपा. ताऱ्यांचा उजेड दोन्हीत सारखाच येईल. तेजोमेघही सारखाच आला तर फिल्टर शंकू सोसतोय. एफ/२ मध्ये तारे तेच पण तेजोमेघ फिका असेल, तर खिडकी सरकली आहे. नायगमवालांनी एकच रेषा कमीजास्त पसरवून तपासली होती, तशीच ही तपासणी आहे. एक उत्तर मिळालं म्हणून थांबायचं नाही, उपकरण बदलून तेच उत्तर येतंय का ते पाहायचं.

शहराचा उजेड मग टळेल का? रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे ५८९ च्या आसपासच जास्त उजेड देत, त्यांना टाळणं सोपं होतं. आताचे पांढरे एलईडी सगळ्या रंगांत पसरतात. त्यामुळे अरुंद फिल्टरचा फायदा खराच आहे. सातऐवजी तीन घेतला तर आकाशाचा उजेड निम्म्याहून कमी होतो. पण हा फायदा तेजोमेघाचा प्रकाश पूर्ण आत आला तरच. तो तीन-चतुर्थांश बाहेरच राहिला, तर आकाश काळं झाल्याचं समाधान काय कामाचं?

म्हणून तीन नॅनोमीटरचा घेऊ का, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारा : माझा शंकू किती तिरका आहे? डबीवर छापलेला आकडा सरळ येणाऱ्या किरणांसाठी असतो. तुमच्या दुर्बिणीत किरण सरळ येत नाहीत. फिल्टर आणि दुर्बीण ही दोन वेगळी खरेदी नाही, ते मिळून एकच उपकरण आहे.

मी तो तीनचा फिल्टर विकला नाही. माझ्याकडे एक जुनी एफ/८ ची दुर्बीण आहे, तिच्यावर तो आता सुरेख चालतो. मागच्या थंडीत तिच्यावरून मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढला. ५००.७ नॅनोमीटरचा तो मंद उजेड पडद्यावर उमटला, तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात वर्णपटदर्शकाला डोळा लावून बसलेले नायगमवाला आठवले. त्यांना ती रेषा कोणाची हे शेवटपर्यंत छापील उत्तर म्हणून सांगता आलं नाही. ती कोणाची नाही, हे मात्र त्यांनी नीट पाहून सांगितलं.

पुण्यात सीओईपीसमोरून जाल तेव्हा, किंवा जमखंडीच्या बाजूला कधी जाणं झालं, तर या दोन माणसांची आठवण काढा. आणि फिल्टरचे पैसे भरण्याआधी आपल्या दुर्बिणीचा फोकल रेशो एकदा वाचा.